हाराखालचं बोनेट

रिकामं बसायला सांगितलं की दिगंबरराव वैरागड्यांचं डोकं फिरायचं. आणि नशीब बघा, म्हातारपणी या माणसाला असं घर मिळालं की तिथे रिकामं बसण्यापलीकडे काही कामच नव्हतं. घर मुलाचं, व्हर्जिनियात हर्नडनला. मागे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटाच, पुढे हिरवळ. भांडी घासायला यंत्र, कपडे वाळवायला यंत्र, झाडाची पडलेली पानं फुंकून उडवायलासुद्धा यंत्र. माणसाने करावं तरी काय?

नागपूरला एसटीच्या डेपोत त्यांनी सगळी नोकरी काढली. लागले क्लीनर म्हणून आणि निवृत्त झाले ते धुलाईच्या रॅम्पचे मुकादम म्हणून. चंद्रपूरकडून आलेली गाडी कोळशाने काळी, भंडाऱ्याची गाडी चिखलाने माखलेली. दिगंबरराव प्रेशरचा पाइप हातात घ्यायचे आणि गाडी अशी लखलखीत करून द्यायचे की ड्रायव्हर चढण्याआधी चपला झटकायचा. खंडेनवमीला तर डेपोत त्यांचाच दिवस. हत्यारांची, गाड्यांची पूजा, नारळ फोडायचा मान साहेबांचा, पण नारळ हातात घेऊन साहेब आधी विचारायचे, "काय वैरागडे, झाल्या का गाड्या?" ‘झाल्या’ म्हणेपर्यंत नारळ फुटायचा नाही.

सुमित्राबाई २००४ साली गेल्या, किडनीच्या दुखण्याने. एकुलता एक केदार धावत आला, तेराव्यापर्यंत थांबला आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही इथे एकटे राहायचं नाही." मनापासून म्हणाला. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस कोणी नाहीच, वैताग आहे तो त्याचाच! केदार तोवर तिकडचा नागरिक झाला होता, त्यामुळे वडिलांची कागदपत्रं पुढच्या वर्षी झाली. मानेवाड्याचं दोन खोल्यांचं घर विकलं, भांडी नातेवाइकांत वाटली आणि दिगंबरराव विमानात बसले. मागे परत जायला उंबरा उरला नाही.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी भाजी चिरायला घेतली. सून नेत्रा म्हणाली, "अहो बाबा, फ्रोझन आणलीये ना, कशाला त्रास?" हिरवळ कापायला निघाले, तर त्याची माणसं ठरलेली. मफलर गुंडाळून रस्त्याने फिरायला गेले, तर पोलिसाची गाडी हळूच शेजारी येऊन थांबली आणि ‘सर, आर यू लॉस्ट?’ म्हणाली. रात्री केदार हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही घरातच फिरा यार, खाली बेसमेंट केवढं मोठं आहे." बेसमेंटमध्ये फेऱ्या घालायच्या! तुरुंगात निदान चक्की तरी देतात.

तसा मान होता, जेवण वेळेवर होतं, सहा वर्षांची स्वानंदी गळ्यात पडायची. पण या घरात आपल्या भरवशावर काहीही नाही, आपण उद्या नसलो तर कोणाचं काही अडणार नाही, हे त्यांना आतून कुरतडायचं. सुमित्राबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं. मुलाला असलं काही सांगायची त्या घरात पद्धत नव्हती. बापलेक दोघेही चांगले, दोघेही घुमे.

दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे २००६ साली, केदारने डेक धुवायला प्रेशर वॉशर आणला. खोका उघडताच दिगंबररावांचे हात शिवशिवायला लागले. डेपोतल्या राक्षसाचं हे पिल्लूच होतं! मोटर, नळी, बंदूक, आणि बंदुकीच्या टोकाला लावायची रंगीत नोझलं. एका रंगाचं लावलं तर पाणी पंख्यासारखं पसरतं, दुसऱ्याचं लावलं तर धार बारीक होते. केदार पुस्तिका वाचेपर्यंत बापाने मशीन चालू केलं होतं.

डेक असा निघाला की लाकडाचा मूळ रंग दिसला. मग ड्राइव्हवे, मग कुंपण. केदार कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बाबा, काय केलंत तुम्ही! एक नंबर!" लहानपणापासून या पोराने आपल्या कामाबद्दल एवढं कधी बोललेलं दिगंबररावांना आठवत नव्हतं. चार घरं सोडून राहणाऱ्या सुलभाने, नेत्राच्या मैत्रिणीने, आपलाही डेक धुऊन मागितला, आणि वर सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं. दिगंबररावांची मान ताठ झाली. जेवताना ते दुसऱ्यांदा भात मागून घ्यायला लागले.

आणि सप्टेंबर सरता सरता ती गोष्ट घडली. नेत्राचं ऑफिस आता पूर्णवेळ सुरू होणार होतं. चहा देता देता ती म्हणाली, "बाबा, सोमवारपासून स्वानंदीला बसवरून आणाल का? साडेतीनला कोपऱ्यावर बस येते. लहान मुलांना ते कोणाच्याही हाती सोडत नाहीत, म्हणून तुमचं नाव शाळेत दिलंय. मी पोहोचेपर्यंत ती तुमच्याचकडे."

"तुमच्याचकडे," असं म्हणाली ती. दिगंबररावांनी नुसती मान हलवली, पण खोलीत जाऊन सुमित्राबाईंच्या फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ऐकलंस ना? पोरगी माझ्या भरवशावर ठेवून राहिले." डोळे पुसले आणि सोमवारी कोणता शर्ट घालायचा ते काढून ठेवलं.

सोमवारच्या आधीचा रविवार म्हणजे खंडेनवमी. दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, सगळे तिकडे जाणार होते. सकाळी सगळे झोपेत असताना दिगंबररावांच्या मनात आलं, पोरं उठायच्या आत गाडी धुऊन, हार घालून तयार ठेवू. खंडेनवमीला गाडी मळकी? वैरागड्यांच्या घरी?

गाडी केदारची, गडद निळी, त्याचा जीव की प्राण. गेल्या थंडीत तिच्यासमोर हरीण आलं होतं. बोनेट चेपलं, ते सरळ करून, पुन्हा रंगवून आणलं. गाडी परत आली तेव्हा नवी कोरी दिसत होती आणि दिगंबररावांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. रंगवणाऱ्याने केदारला एक गोष्ट बजावली होती: या बोनेटवर प्रेशरचं पाणी मारू नका, हातानेच धुवा. केदारने ते ऐकलं, आणि डोक्यातच ठेवलं. बापाला सांगावं असं काही कारणच पडलं नाही. बाप कुठे गाडी धुणार होता?

बोनेटच्या पुढच्या कडेला किडे मरून चिकटले होते. पसरट पाण्याने ते हलेनात. दिगंबररावांनी सवयीने बारीक धारेचं नोझल लावलं आणि बंदूक वीतभर जवळ नेली. डेपोत असंच करायचे. पण एसटीचा रंग म्हणजे ब्रशने थरावर थर दिलेला लाल इनॅमल, कोंबडीच्या चोचीएवढा जाड! त्याला तोफ लावली तरी हलायचा नाही. मोटारीचा रंग कागदाहून पातळ, आणि हा तर वरून मारलेला. कडेला खडा लागून एक टवका उडाला होता, राईएवढा. धार तिथून आत शिरली.

सुरुवातीला त्यांना वाटलं, मळच निघतोय. खूश होऊन त्यांनी धार तिथेच धरली. मग भिजलेल्या हरभऱ्याचं साल सुटावं तसा रंग सुटत गेला, चांगला परातीएवढा. खाली राखाडी अस्तर दिसलं तेव्हा त्यांच्या हातातली बंदूक खाली पडली. सुटलेली निळी चकती एका कडेला चिकटून लोंबत होती. दिगंबररावांनी गुडघ्यांवर बसून ती परत जागेवर बसवायचा प्रयत्न केला, बोटांनी दाबली, तळहाताने दाबली, फडक्याने दाबली. बसल्यासारखी वाटायची आणि पुन्हा उचलायची.

"मेलो ना बाप्पा," ते स्वतःशी म्हणाले.

एखाद्याने काय केलं असतं? वर जाऊन पोराला उठवलं असतं. केदार चिडला असता, दोन तास तोंड फुगवून बसला असता, आणि संपलं असतं. पण दिगंबररावांच्या डोळ्यांसमोर सोमवार आला. ज्याला गाडी धुता येत नाही, त्याच्या हाती पोरगी कोण देईल? उद्याचा एक दिवस निभावू दे, पोरगी एकदा नीट घरी आणू दे, मग मंगळवारी सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. असा विचार त्यांनी केला, आणि तिथेच हा चांगला माणूस फसला.

त्यांनी बोनेट पुसलं. सुटलेला रंग जागेवर चापून बसवला आणि त्यावर हळदीकुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं, गंध चांगलं घट्ट कालवून. वरून शेवंतीचा दुपदरी हार आडवा घातला, दोन्ही टोकं आरशांना पक्की बांधली. लांबून बघितलं. काही दिसत नव्हतं. उलट गाडी सुरेखच दिसत होती.

पूजा झाली. केदारने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि बापाच्या पाया पडला. "बाबा, डेपोतल्यासारखीच सजवलीत." नेत्राने फोटो काढले. दिगंबरराव हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोहोचलं नाही.

दुपारी निघताना केदार म्हणाला, "बाबा, हार काढून ठेवूया का? हायवेवर उडेल, कोणाच्या तरी काचेवर जाईल."

"छे छे!" दिगंबरराव एवढ्या जोरात म्हणाले की नेत्राने वळून बघितलं. "खंडेनवमीचा हार त्याच दिवशी काढत नाहीत. अशुभ असते."

असलं कुठल्याही शास्त्रात नाही. डेपोत तर गाड्या रस्त्याला लागायच्या आधी ते स्वतः हार काढून स्टिअरिंगला गुंडाळायला लावायचे. पण बापाने अशुभ म्हटल्यावर मुलगा काय बोलणार? आई गेलेली, बाप एवढ्या हौसेने सजवतोय. केदार म्हणाला, "बरं, हळू चालवतो." आणि बापाचा शब्द मोडला नाही.

दिगंबरराव पुढे बसले. मागे नेत्रा, तिच्या शेजारी उंच खुर्चीत पट्टा लावलेली स्वानंदी, नवा परकर नेसून. गाडी हायवेला लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दिगंबररावांची नजर हारावरून हलत नव्हती. वाऱ्याने शेवंती थरथरत होती, एकेक पाकळी सुटत होती. दोनदा त्यांच्या ओठांवर आलं, ‘थांब केदार, बाजूला घे.’ एवढे चार शब्द! मागून स्वानंदी म्हणाली, "आजोबा, टुमॉरो यू आर कमिंग टू द बस स्टॉप, राइट?" ते म्हणाले, "येणार ना बाळा, येणार." आणि चारही शब्द गिळले.

एका आरशाकडचा दोरा तुटला. हार हवेत उलटला आणि मागे निघून गेला. "बघा, म्हटलं होतं ना..." केदार म्हणेपर्यंत वारा त्या सुटलेल्या कडेखाली घुसला. स्वस्तिकासकट रंगाचा भला मोठा पापुद्रा फाटत वर आला आणि फाड्कन केदारच्या समोरच्या काचेवर बसला. समोरचं सगळं नाहीसं झालं. केदारने ब्रेक दाबला. माणूस दुसरं काय करणार? मागच्या व्हॅनला थांबता आलं नाही.

आवाज झाला, काचा आल्या, आणि मग स्वानंदीचं रडणं. ती रडतेय हे ऐकून दिगंबररावांना आधी देव आठवला. तिचा डावा हात लोंबत होता आणि ती कोणालाही हात लावू देत नव्हती.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. नेत्राची मान आखडली होती. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, भरून येईल, पट्टा होता म्हणून वाचली. केदार आणि दिगंबररावांना खरचटण्यापलीकडे काही नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये केदार येरझाऱ्या घालत होता आणि संताप संताप करत होता. "त्या पेंटवाल्याला सोडत नाही मी. असा आख्खा रंग निघतो का कधी? माझ्या पोरीचा जीव गेला असता! वकील गाठतो उद्याच."

दिगंबररावांनी ऐकलं. गप्प बसले असते तर गप्प बसता आलं असतं. कोणाला काय कळणार होतं? क्षणभर त्यांच्या मनात तेही येऊन गेलं, नाही असं नाही. पण डेपोत उभी हयात गेली होती. गाडी कोणाच्या हातून बिघडली ते त्याने सांगायचं, दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं.

"पेंटवाल्याले काही म्हणू नको," ते म्हणाले. "मी धुतली सकाळी. प्रेशरने. रंग तेव्हाच सुटला होता. मी वरून हार घातला."

केदार थांबला. बापाकडे बघत राहिला, जणू हा कोण माणूस आहे ते ओळखायचा प्रयत्न करतोय. मग शेजारच्या खुर्चीत बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो मला म्हणाला होता. प्रेशर मारू नका म्हणून. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. ती माझी चूक."

दिगंबररावांना वाटलं, सुटलो.

"पण मी हार काढू का विचारलं, बाबा. गाडी निघायच्या आधी विचारलं. स्वानंदी मागे बसली होती."

केदार उठला, कॉफीच्या मशीनपर्यंत गेला, आणि कॉफी न घेताच परत आला.

घरी आल्यावर कोणी एका शब्दाने बोललं नाही. पोराने शिव्या घातल्या असत्या, सुनेने ताट आपटलं असतं, तर या माणसाने आनंदाने ऐकून घेतलं असतं. पण छे! चहा वेळेवर, जेवण वेळेवर, "बाबा, भात वाढू?" तेही वेळेवर. फक्त स्वानंदीच्या खोलीत ते गेले की थोड्या वेळाने नेत्राही काहीतरी निमित्त काढून तिथे यायची आणि उभी राहायची. उशीचा अभ्रा बदलायची. नाहीतर खिडकी उघडायची आणि लावायची. दिगंबररावांच्या लक्षात यायचं, आणि ते उठून जायचे.

पोरगी काही दिवस घरी राहिली. मग गळ्यात झोळी अडकवून शाळेत जायला लागली, पहिले दोन दिवस केदारने स्वतः सोडली आणि आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळ्या बसने गेली. केदार ऑफिसला गेला, नेत्रा ऑफिसला गेली. दुपारचं काय, ते कोणी बोललं नाही. दिगंबररावांनी हिशेब मांडला: नको म्हणाले नाहीत, म्हणजे ठरलेलं ते ठरलेलं. नको असतं तर सांगितलं नसतं का? नाव शाळेत दिलेलं आहे. आपण गेलो नाही आणि पोरगी रस्त्यावर राहिली तर?

त्यांनी तो काढून ठेवलेला शर्ट घातला, बूट घातले, दार दोनदा ओढून बघितलं, आणि बरंच आधी कोपऱ्याकडे निघाले. ऊन छान होतं. चालताना त्यांना पुष्कळ दिवसांनी बरं वाटत होतं.

कोपऱ्यावर सुलभा उभी होती.

दिगंबररावांना बघून ती गडबडली. हातातला फोन या हातातून त्या हातात केला. "अय्या, काका, तुम्ही कशाला आलात? नेत्रा... म्हणजे तिने मला सांगितलंय ना. आता रोजचंच. तिने म्हटलं नाही का तुम्हाला?"

"म्हटलं असेल," दिगंबरराव म्हणाले. "माझ्याच ध्यानात नाही राहिलं."

काय बोलणार ती बिचारी? तिने थंडीबद्दल काहीतरी सांगितलं, दिगंबररावांनी हो म्हटलं. बस आली. दार उघडलं, आणि झोळीतला हात सांभाळत स्वानंदी पायरीवर आली. आजोबांना बघून तिचा चेहरा फुलला. ती उतरणार तोच ड्रायव्हर बाईने तिला थांबवलं, हातातल्या कागदावर बघितलं आणि विचारलं, "सुलभा?" सुलभाने हात वर केला. मगच पोरगी खाली उतरू शकली.

"आजोबा," ती म्हणाली, "आय हॅव टु गो विथ सुलभा मावशी. मॉम सेड."

"हो बाळा. जा ना." दिगंबररावांनी हात पुढे केला. "दप्तर तरी दे. तुला जड होत असेल. मी घेतो."

स्वानंदीने दप्तराचा पट्टा खांद्यावरून काढला. आणि देता देता थांबली, आणि देऊ का म्हणून सुलभाकडे बघितलं.